सेफगार्डिंगमध्ये मास्टर्स करायचंय? आधी एक अहवाल शेवटपर्यंत वाचा

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. आधी हॉस्पिटलच्या वॉर्डात होते, मग वृद्धांच्या केअर होममध्ये आले आणि तिथेच सेफगार्डिंग लीड झाले. नोकरी सांभाळून, पार्ट-टाइम, या विषयात मास्टर्स केलं. इथल्या मराठी नर्स, केअरर, शाळांत सपोर्ट स्टाफ म्हणून काम करणाऱ्या मुली अधूनमधून विचारतात, "ताई, हा कोर्स करू का? कसा करू?" फोनवर त्यांना तुटक तुटक सांगते, ते इथे सलग लिहिते आहे.

मुलं, वृद्ध, अपंग, मानसिक आजाराशी झुंजणारी माणसं, ज्यांना स्वतःचं संरक्षण करणं अवघड जातं, त्यांना छळापासून, दुर्लक्षापासून, पिळवणुकीपासून वाचवणं हे सेफगार्डिंगचं काम. पण वाचवता वाचवता त्यांच्या आयुष्याचे निर्णय आपणच घ्यायला लागलो, असंही होता कामा नये. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या एक दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये पहिला भाग शिकवतात. दुसऱ्या भागासाठी मात्र वेळ लागतो, आणि पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर ते त्यासाठीच घ्यावं असं माझं मत आहे.

अर्ज भरण्याआधी

युनिव्हर्सिटीची माहितीपत्रकं नंतर चाळा. आधी एक चौकशी अहवाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. इंग्लंडमध्ये एखादं मूल छळामुळे किंवा दुर्लक्षामुळे दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर यंत्रणांचं कुठे काय राहून गेलं याची समीक्षा होते. प्रौढांसाठी अशी समीक्षा केअर अ‍ॅक्ट 2014 च्या कलम 44 खाली होते, तिला सेफगार्डिंग अ‍ॅडल्ट्स रिव्ह्यू म्हणतात. मुलांबद्दलचे अहवाल एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात. प्रौढांचे अहवाल सेफगार्डिंग अ‍ॅडल्ट्स बोर्डांच्या राष्ट्रीय नेटवर्कच्या संग्रहात आहेत. एक पैसाही लागत नाही.

वाचताना एक तक्ता करा. वहीत करा, नाहीतर कॉम्प्युटरवर, पण करा. चार रकाने आखा. पहिल्यात तारीख. दुसऱ्यात कोणाला काय दिसलं. तिसऱ्यात त्यांनी ते पुढे कोणाला सांगितलं. चौथ्यात, ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय त्या माणसाला कोणी विचारलं का, आणि तो काय म्हणाला.

व्हिक्टोरिया क्लिम्बिए या आठ वर्षांच्या मुलीबद्दलच्या लॉर्ड लेमिंग यांच्या अहवालापासून सुरुवात करायला हरकत नाही. ती फेब्रुवारी 2000 मध्ये लंडनमध्ये वारली. जिने आपण तिची आई असल्याचं सांगितलं होतं ती बाई प्रत्यक्षात आजीच्या पिढीतली नातलग होती, आणि मुलीला वेगळ्याच नावाने ओळखलं जात होतं. तिच्या अंगावर 128 जखमा आणि व्रण मोजले गेले. 2003 मध्ये आलेला अहवाल सुमारे 400 पानांचा आहे, त्यात 108 शिफारशी आहेत, आणि निदान 12 वेळा कोणीतरी हस्तक्षेप करू शकलं असतं असं त्यात म्हटलंय. चार सोशल सर्व्हिसेस विभाग, पोलिसांची दोन बालसंरक्षण पथकं, दोन हॉस्पिटलं, एनएसपीसीसीचं एक केंद्र, इतक्या ठिकाणी तिचं नाव पोचलं होतं.

तक्ता भरायला घेतला की पहिला रकाना भराभर भरतो. दुसराही. जुलै 1999 मध्ये एका हॉस्पिटलात एका डॉक्टरला जखमा संशयास्पद वाटल्या, तिला पोलिसांच्या संरक्षणाखाली ठेवलं गेलं. मग वरिष्ठ डॉक्टरांनी खरूज असल्याचं निदान केलं, आणि संरक्षण उठलं. काही दिवसांत ती दुसऱ्या हॉस्पिटलात आली, चेहरा आणि डोकं भाजलेलं. तिसऱ्या रकान्यात फॅक्स येतात, फोन येतात, "निरोप ठेवला" येतं. इंग्लंडमध्ये ती एकदाही शाळेत गेली नाही, हे इतक्या लोकांना दिसण्यासारखं होतं, पण त्यावर कोणी थांबलं नाही. आणि चौथा रकाना बहुतेक कोराच राहतो. भेटी मोजक्या झाल्या, त्यांत तिच्याशी बोलणं त्याहून कमी.

दुसरा अहवाल प्रौढाचा घ्या. स्टीव्हन हॉस्किन हा कॉर्नवॉलमधला, बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस. त्याच्या छोट्या घरात काही जण घुसले, मित्र म्हणून राहिले, त्याचे भत्त्याचे पैसे घेऊ लागले, त्याला गुलामासारखं वागवू लागले, आणि जुलै 2006 मध्ये त्याला एका उंच रेल्वे पुलावर नेऊन मारलं. मार्गारेट फ्लिन यांनी लिहिलेला समीक्षेचा अहवाल 2007 मध्ये आला. त्याला आठवड्यातून थोडा वेळ मदत मिळत होती, ती 2005 मध्ये त्याने बंद करायला सांगितली. फाइलमध्ये नोंद झाली की त्याची इच्छा आहे. ही इच्छा कशातून आली, त्या वेळी घरात अजून कोण होतं, मदत बंद झाली तर काय होईल हे त्याला समजलंय का, हे कोणी विचारलं नाही. पोलीस, अ‍ॅम्ब्युलन्स, घरव्यवस्थेचे अधिकारी, डॉक्टर, सगळ्यांचा त्याच्याशी संपर्क आला होता. प्रत्येकाकडे एक तुकडा होता.

हे दोन तक्ते पूर्ण झाल्यावर स्वतःला विचारा, असं आणखी वाचायची आपली तयारी आहे का? कोर्सभर हेच वाचायचं आहे. काहींना या टप्प्यावर कळतं की आपल्याला हे सोसणार नाही, आणि ते आधीच कळलेलं बरं.

कोर्स निवडताना

इंग्लंडमधल्या पदव्युत्तर अभ्यासाचा हिशेब क्रेडिटमध्ये असतो. पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेटला 60, डिप्लोमाला 120, मास्टर्सला 180 क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे साधारण 10 तासांचा अभ्यास धरतात, त्यात लेक्चर, वाचन, लेखन सगळं आलं. म्हणजे 60 क्रेडिटला 600 तास. वर्षभरात पसरले तर आठवड्याला 11-12 तास. रात्रपाळी करणाऱ्या, घरी लहान मूल असणाऱ्या बाईने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच फॉर्म भरावा. बऱ्याच ठिकाणी सर्टिफिकेटवर थांबता येतं, पुढे तीच क्रेडिट धरून मास्टर्सकडे जाता येतं. मी नोकरीवाल्यांना असाच कोर्स बघायला सांगते.

एक गैरसमज आधीच दूर करते, कारण त्यापायी लोकांचे पैसे जातात. सेफगार्डिंगचं मास्टर्स करून तुम्ही सोशल वर्कर होत नाही. इंग्लंडमध्ये ती संज्ञा कायद्याने राखीव आहे, सोशल वर्क इंग्लंडकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त सोशल वर्कची पदवी लागते. सेफगार्डिंगचा कोर्स हा नर्स, शिक्षक, पोलीस, सोशल वर्कर, हाउसिंग ऑफिसर, स्वयंसेवी संस्थेतले लोक, अशा आधीच काही काम करणाऱ्यांसाठी असतो. तुमचा मूळ व्यवसाय तोच राहतो, त्यात तुमची नजर आणि जबाबदारी वाढते.

प्रवेशाच्या आधी युनिव्हर्सिटीला ईमेल करून काही गोष्टी विचारा. मुलं आणि प्रौढ दोन्ही शिकवतात की एकच? शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष काम केलंय? परीक्षा आहे की केसवर आधारलेलं लिखाण? कायदा कुठला शिकवतात, हे तर नक्की विचारा. स्कॉटलंडमध्ये प्रौढांसाठी 2007 चा वेगळा कायदा आहे, वेल्सचा वेगळा, इंग्लंडचा वेगळा. ज्या भागात काम करणार तिथला कायदा कोर्समध्ये नसेल तर पुढे सगळं पुन्हा शिकावं लागतं. मदतकार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत जायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी 2003 मध्ये काढलेलं लैंगिक शोषणाविरुद्धचं परिपत्रक आणि त्यामागचं पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांचं प्रकरण अभ्यासात आहे का ते पाहा. मदत वाटणारेच मदतीच्या बदल्यात मुलींचं शोषण करत असल्याच्या तक्रारी 2002 मध्ये पुढे आल्या होत्या.

प्लेसमेंट असेल तर डीबीएसची, म्हणजे गुन्हेगारी पार्श्वभूमीची, तपासणी लागेल. ज्यांना आधीच आहे त्यांनीही नवीन लागेल का हे विचारून घ्यावं.

अर्जातलं निवेदन लिहिताना "मला लोकांना मदत करायला आवडतं" हे वाक्य टाळा, प्रत्येक जण तेच लिहितो. त्याऐवजी कामावर पाहिलेला एक प्रसंग लिहा, ज्यात योग्य काय ते तुम्हाला ठरवता आलं नाही. त्यातल्या माणसाचं वय, नातं, जागा बदला, म्हणजे ओळख पटणार नाही. ही काळजी तुम्ही घेतलीत हे वाचणाऱ्याच्या लक्षात येतं, आणि ते तुमच्या बाजूने जातं. बरोबरच मॅनेजरशी बोलून अभ्यासाची रजा, फीमध्ये काही वाटा मिळतो का ते लेखी घ्या.

कायदा कसा अभ्यासावा

कलमं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक कलम म्हणजे एखाद्या माणसाबद्दल विचारलेला प्रश्न आहे, असं वाचलं तर ते डोक्यात राहतं. केअर अ‍ॅक्टचं कलम 42 तीन गोष्टी विचारतं. या प्रौढाला काळजीची आणि आधाराची गरज आहे का? त्याचा छळ किंवा दुर्लक्ष होतंय का, किंवा तसा धोका आहे का? आणि त्या गरजांमुळे त्याला स्वतःला वाचवता येत नाहीये का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर स्थानिक कौन्सिलला चौकशी करावीच लागते, मग कौन्सिल त्याला कुठली सेवा देत असो वा नसो. मुलांच्या बाबतीत चिल्ड्रन अ‍ॅक्ट 1989 ची कलम 17 आणि कलम 47 शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकात गरजू मूल आहे, दुसऱ्यात मोठी इजा होण्याचा संशय आहे. या दोघांच्या मधल्या जागेत किती मुलं राहून जातात ते अहवालांतून कळतं.

सगळ्यांत जास्त वेळ मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट 2005 ला द्या. त्याच्या सुरुवातीलाच पाच तत्त्वं आहेत. त्यातलं एक असं की माणसाने घेतलेला निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. आपल्या घरांत थोरामोठ्यांच्या वतीने ठरवण्याची सवय असते, प्रेमापोटी असते, पण ती इथे आड येते. वर्गात सुरुवातीला बहुतेक सगळे एकच उत्तर देतात, "त्यांना तिथून हलवा." हळूहळू तेच लोक विचारू लागतात, "त्यांना काय हवंय?"

पण या तत्त्वाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. एकटे राहणारे आजोबा घरात कचऱ्याचे ढीग साठवतात, पायाची जखम चिघळलीय, डॉक्टरला नको म्हणतात. विचारलं तर व्यवस्थित उत्तरं देतात, "हो, मी उद्या पट्टी बदलेन." उद्या बदलत नाहीत, परवाही नाही. बोलताना समजतं, करायची वेळ आली की जमत नाही, असं काही माणसांचं होतं, विशेषतः मेंदूला इजा झालेल्यांचं, खूप वर्षं दारू प्यायलेल्यांचं. एका बैठकीत चार प्रश्न विचारून "क्षमता आहे" असा शिक्का मारला आणि फाइल बंद केली, तर आपण त्यांच्या स्वातंत्र्याचा मान राखला असं म्हणता येत नाही. इंग्लंडमधल्या प्रौढांच्या अहवालांत स्वतःकडे दुर्लक्ष करणाऱ्या माणसांची प्रकरणं पुन्हा पुन्हा येतात. 2017 ते 2019 या काळातल्या 231 अहवालांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात सर्वाधिक आढळलेला प्रकार हाच होता.

तिसरी शक्यता म्हणजे क्षमता शाबूत आहे पण कोणाच्या तरी धाकाखाली निर्णय होतोय. अशा वेळी हायकोर्टाकडे जाता येतं, हे आपल्यातल्या अनुभवी लोकांनाही कधी कधी माहीत नसतं. स्टीव्हन हॉस्किनचा "नको" याच अंगाने पुन्हा वाचून बघा.

नोंद लिहायला शिका

कोर्समध्ये सहसा कोणी याला वेगळं मॉड्यूल देत नाही, पण माझ्या मते सगळ्या अभ्यासाची परीक्षा इथे होते. केअर होममधल्या रोजच्या नोंदींतली एक देते, तपशील बदललेत.

"आज रहिवासी अस्वस्थ. जेवण कमी. मुलगा भेटून गेला. कुटुंबाचा आधार चांगला."

आता तीच दुपार, नीट पाहून लिहिलेली. "मुलगा 2:10 ला आला, 2:40 ला गेला. तो असताना खोलीचं दार आतून लावलेलं होतं. 2:45 ला मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या पर्स उशीखाली सरकवत होत्या. मी विचारलं, सगळं ठीक आहे ना? म्हणाल्या, 'माझं कार्ड त्याच्याकडेच राहू दे, म्हणजे तो येत राहील.' चहा घेतला नाही. संध्याकाळी अर्धी पोळी खाल्ली, एरवी दोन खातात."

पोळी मी मराठी वाचकांसाठी लिहिली, मूळ नोंदीत टोस्ट होता. पहिल्या नोंदीत तीन निष्कर्ष आहेत आणि त्यातला एकही नंतर कोणाला तपासता येणार नाही. "आधार चांगला" हे तर लिहिणाऱ्याने ठरवून टाकलंय. दुसऱ्या नोंदीत वेळ आहे, दिसलेलं आहे, आणि बाईंचे स्वतःचे शब्द अवतरणचिन्हांत आहेत. तुमचं मत लिहायचं असेल तर खाली वेगळ्या ओळीत, "माझं मत" असं म्हणून लिहा. दिसलेलं आणि वाटलेलं एकाच वाक्यात कालवू नका.

पुढे काय करायचं, तेही या एका वाक्यात दडलेलं आहे. बाईंना मुलगा हवाय आणि त्याच्या येण्याची किंमत त्या कार्डाने मोजत आहेत. कोणी धावत जाऊन मुलाला यायला बंदी केली, तर बाईंच्या दृष्टीने सगळ्यांत वाईट तेच होईल. केअर अ‍ॅक्टच्या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलंय, की माणसाला या सगळ्यातून काय व्हायला हवंय ते आधी विचारा. म्हणून निवांत वेळी, एकटीला गाठून, त्यांनाच विचारायचं. "तो तुमचे पैसे घेतो का?" असं नाही, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. "कार्डाबद्दल मला जरा सांगाल का?" इतकंच, आणि मग गप्प बसायचं. त्याचबरोबर मॅनेजरला त्याच दिवशी कळवायचं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन बाईंना द्यायचं नाही. कोणाला आणि का सांगणार आहे, ते त्यांना सांगायचं.

असाइनमेंटमध्ये असा एक प्रसंग घेऊन त्यावर कायदा, सिद्धांत आणि तुमचं मत रचत गेलात, तर दिलेली शब्दमर्यादा अपुरी पडेल, इतकं लिहायला सापडेल.

सिद्धांतांबद्दल थोडंच

वाचनाची यादी हातभर लांब मिळते. सगळं वाचून होत नाही. डेव्हिड फिंकेलहोर यांनी 1984 मध्ये मांडलेल्या चार पूर्वअटी मात्र नीट समजून घ्या. मुलाचं लैंगिक शोषण घडायला आधी करणाऱ्याची इच्छा लागते, मग त्याच्या आतला अटकाव सुटावा लागतो, मग बाहेरचा अटकाव, आणि शेवटी मुलाचा प्रतिकार मोडावा लागतो. आपल्या संस्थेचा हात यातल्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचतो. कोणाकडे किल्ल्या आहेत, एकटं कोण कोणाबरोबर असतं, रात्री कोण येतं-जातं, हे सगळं तिथलं. मूल गप्प का राहिलं, हा प्रश्न चौथ्या टप्प्यावर येतो, आणि लोक सुरुवातच तिथून करतात.

आयलीन मुन्रो यांचा इंग्लंडमधल्या बालसंरक्षणावरचा 2011 चा अहवालही वाचा. फॉर्म भरण्यात आणि मुदती पाळण्यात कामाचा जीव कसा जातो, ते त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितलं.

आणि समीक्षेचे अहवाल वाचताना एक धोका कायम ध्यानात ठेवा. शेवट माहीत असला की आधीचं प्रत्येक चिन्ह ढळढळीत वाटतं. त्या दिवशी, त्या माणसाच्या टेबलावर अजून किती फाइली होत्या, त्याला काय माहीत होतं, असा विचार करून लिहा. परीक्षक "त्यांनी हे करायला हवं होतं" या वाक्याला मार्क देत नाहीत. त्यांना ते का झालं नाही याचं उत्तर हवं असतं.

डिझर्टेशन

मास्टर्सचे शेवटचे 60 क्रेडिट बहुधा या प्रबंधाचे. विषय पहिल्या वर्षापासून मनात घोळवा आणि लहान करत न्या. "वृद्धांची आर्थिक पिळवणूक" हा विषय होत नाही, ते अख्खं कपाट आहे. "गेल्या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेल्या, केअर होमशी संबंधित रिव्ह्यूंमध्ये रहिवाशांचे स्वतःचे शब्द कुठे आणि किती येतात?" हा विषय होतो. तो छापील अहवालांवर करता येतो, कोणाला त्रास द्यावा लागत नाही, आणि नोकरी करणाऱ्याला झेपतो. मी बहुतेकांना हाच मार्ग सुचवते.

पीडितांच्या मुलाखती घ्यायची इच्छा पुष्कळांना होते. हेतू चांगला असतो. पण ज्याने आपली गोष्ट पोलिसांना, डॉक्टरांना, सोशल वर्करला सांगितली आहे, त्याने ती तुमच्या पदवीसाठी आणखी एकदा का सांगावी, याचं उत्तर आधी स्वतःला द्या. एथिक्स कमिटीही हेच विचारेल. निर्णयक्षमता नसलेल्या माणसांवर संशोधन करायचं असेल तर मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टच्या वेगळ्या अटी लागतात आणि त्यासाठी खास मान्यता घ्यावी लागते. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णांशी संबंध असेल तर हेल्थ रिसर्च अथॉरिटीची परवानगी आली. मास्टर्सच्या मुदतीत हे सगळं बसवणं फार अवघड.

कर्मचाऱ्यांच्या मुलाखती हा मधला रस्ता आहे. त्यातही, तुम्ही ज्यांच्या सीनियर आहात त्यांना विचारू नका, ते "नाही" म्हणू शकत नाहीत. माहितीपत्रकात गोपनीयतेची मर्यादा साध्या शब्दांत लिहा. मी असं काहीसं लिहायला सांगते: "तुमचं नाव कुठेही येणार नाही. पण बोलताना कोणाला इजा होत असल्याचं किंवा होण्याचा धोका असल्याचं मला कळलं, तर ते मला योग्य ठिकाणी सांगावं लागेल. सांगण्याआधी, शक्य असेल तर, मी तुमच्याशी बोलेन." हे वाक्य मुलाखत सुरू होण्याआधी तोंडीही सांगा. कागदावर सही असते म्हणजे वाचलेलं असतं असं नाही.

मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर टाका. सुपरवायझरकडे प्रत्येक भेटीला दोन पानं लिहून न्या. तोंडी चर्चा छान होते पण घरी येईपर्यंत विरून जाते.

स्वतःची काळजी

तुमच्या वर्गात असं कोणीतरी असणारच, ज्याच्यावर लहानपणी किंवा लग्नात हे गुदरलंय. कदाचित ते तुम्हीच असाल. त्यामुळे चर्चेत "असल्या बायका", "असली मुलं" असं बोलू नका, आणि कोणी बोललं तर थांबवा. एखादं वाचन स्वतःच्या अनुभवाला भिडेल असं वाटलं तर त्या आठवड्याचं वाचन काय आहे ते ट्यूटरकडून आधी मागून घ्या, पर्यायी केस घेता येते. रात्री झोपायच्या आधी अहवाल वाचू नका. शिफ्टवर जायच्या आधीही नको, कारण मग प्रत्येक निळा डाग संशयास्पद वाटायला लागतो आणि तुमच्या हातून कामही धड होत नाही. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी वाचायचे, आणि दुपारनंतर ते कागद कपाटात.

अभ्यास चालू असताना कामावर काही दिसलं तर

ही वेळ बहुतेकांवर येते, कारण नजर तयार होते. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खाजगी हॉस्पिटलात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मारहाण होत होती. तिथल्या एका वरिष्ठ नर्सने व्यवस्थापनाला लेखी कळवलं, तपासणी करणाऱ्या सरकारी आयोगापर्यंतही बातमी पोचली होती, तरी हाललं कोणी नाही. मे 2011 मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्यं दाखवली तेव्हा सगळं बाहेर आलं. 11 जणांना शिक्षा झाली, त्यातले सहा तुरुंगात गेले.

म्हणून असाइनमेंटसाठी माहिती जमवतोय, आधी पूर्ण समजून घेतो, मग सांगतो, असं करू नका. संशय पुरेसा आहे, पुरावा शोधणं तुमचं काम नाही. माणूस आत्ता धोक्यात असेल तर 999 या आपत्कालीन नंबरवर फोन करा. नसेल तर आपल्या संस्थेच्या सेफगार्डिंग लीडला त्याच शिफ्टमध्ये सांगा. संशय त्या लीडवर किंवा मॅनेजरवरच असेल तर थेट कौन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला फोन करा, त्यांचा रात्रीचा नंबरही असतो, तो आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा. अशी माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला 1998 च्या पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अ‍ॅक्टखाली संरक्षण आहे, युनियनकडून त्याचा सल्ला घ्या. ज्या केसबद्दल कळवलंत ती असाइनमेंटमध्ये वापरू नका, चौकशी चालू असताना तर मुळीच नाही.

फोन झाल्यावर वेळ, समोर कोण होतं, आणि ते पुढे काय करणार म्हणाले, हे लगेच लिहून ठेवा. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर पुन्हा फोन करा.